आज किती ढकलायचं?

इंग्लंडमध्ये रेडिंगजवळच्या ज्या इमारतीत मी काम करते, तिच्यावर शाळेची पाटी नाही. मुद्दामच लावलेली नाही. बाहेरून ते एक जुनं, विटांचं, दुमजली घर दिसतं. आत स्वयंपाकघर, दोन लहान खोल्या, मागे शेड, वर कार्यालय. अकरा ते सोळा वर्षांची जी मुलं आपापल्या शाळेत जाऊ शकत नाहीत ती इथे येतात. निदान यावीत अशी अपेक्षा असते. त्यांचं नाव मूळ शाळेच्या पटावरच राहतं, आमचे पैसे शाळा भरते, आणि मूल आमच्याकडे आलं की शाळेच्या हजेरीत त्या सत्रापुढे 'बी' हे अक्षर पडतं. शाळेबाहेर आहे, पण शिकतंय, असा त्याचा अर्थ. माझं पद लर्निंग सपोर्ट असिस्टंट. विषय शिक्षक शिकवतात, मी मुलाच्या शेजारी बसते. पगार किमान वेतनाच्या जरासा वर, तोही फक्त शाळा चालू असलेल्या आठवड्यांचा, बारा महिन्यांत पसरून दिलेला.

मराठी मंडळात कोणी विचारलं की हे सगळं सांगावं लागतं. "म्हणजे ट्यूशन घेतेस?" हा पहिला प्रश्न. नाही म्हटल्यावर दुसरं वाक्य ठरलेलं: "इथली मुलं लाडावलेलीच गं. आमच्या वेळी दोन ठेवून दिल्या की पोरगं सरळ वर्गात." एरवी प्रेमळ असलेली माणसं हे हसत हसत बोलतात. मी सातारा जिल्ह्यातली. आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती, त्यामुळे हे 'आमच्या वेळी' मी जवळून पाहिलं आहे. जो मुलगा येत नसे त्याच्या घरी गुरुजी वरच्या वर्गातली चार दांडगी पोरं पाठवायचे. ती त्याची उचलबांगडी करून आणायची, दोघांनी हात धरलेले, दोघांनी पाय. आमच्या वर्गातला एक जण दाराच्या चौकटीला अशी मिठी मारायचा की त्याची बोटं एकेक करून सोडवावी लागत. आम्ही बाकीचे बाकावर उभे राहून टाळ्या पिटायचो. सातवीत त्याचं नाव पटावरून गेलं. पुढे तो एका हॉटेलात कामाला लागला असं कानावर आलं. त्याला चौकट का सोडवत नव्हती, हे ना गुरुजींनी विचारलं ना आम्ही. असं काही विचारायचं असतं याचा गावात कुणालाच पत्ता नव्हता.

दांडी मारणारं मूल आणि आमच्याकडचं मूल यांत एक ढोबळ फरक आहे. दांडीबहाद्दर घरातून निघतो आणि शाळेत पोहोचत नाही; आईवडिलांना ते माहीत नसतं. आमचं मूल घरातून निघूच शकत नाही, आणि घरातल्या प्रत्येकाला ते माहीत असतं. रविवारी चार वाजले की पोट दुखायला लागतं. रात्री दप्तर भरलेलं असतं, गणवेश इस्त्री करून खुर्चीवर ठेवलेला असतो. सकाळी मूल तो घालतंही. मग जिन्याच्या तिसऱ्या-चौथ्या पायरीवर बसतं आणि तिथून उठत नाही. काहींना खरोखर उलटी होते. काहींच्या तोंडून शब्द फुटत नाही. दरवाजाशी बूट घेऊन उभी असलेली आई आधी समजावते, मग ओरडते, मग रडते, आणि नऊ वाजून गेले की शाळेला फोन करते. सव्वानऊला मूल टोस्ट खात असतं. पोट थांबलेलं असतं. वडिलांची खात्री पटते की हे सोंग आहे.

सोंग नसतं ते. धोका टळला की शरीर सैल पडतं, एवढंच. पण त्याच वेळी डोकं एक धडा घेतं: घरी राहिलो म्हणून वाचलो. दुसऱ्या दिवशी तोच दरवाजा जास्त जड होतो. म्हणून 'बरं वाटेपर्यंत राहू दे घरी' हा मायेचा सल्लाही फार दिवस चालत नाही. महिना गेला की परतीची वाट दुप्पट लांब झालेली असते. उलट, ओढत नेलं आणि दिवसभर ते मूल शौचालयात दार लावून थरथरत बसलं, तर डोकं म्हणतं, बघ, मी सांगत होतो, जागा धोक्याचीच आहे. या दोन चुकीच्या धड्यांच्या मधली जागा रोज शोधायची असते. आमच्याकडे साडेआठला सगळे कर्मचारी स्वयंपाकघरात जमतात. प्रत्येक मुलाबद्दल एकच प्रश्न असतो: आज किती ढकलायचं? त्याचं उत्तर रोज वेगळं येतं, आणि ते पुस्तकात नसतं. आईचा सकाळचा मेसेज असतो: रात्री झोप नाही, पण नाश्ता केला. नाश्ता केला असेल तर आज दहा मिनिटं शिक्षकांसोबत. नसेल तर नुसतं येऊन मांजरीला बघून गेलं तरी चालेल. (मांजर शेजाऱ्यांची. आमच्याकडे तिला जवळपास पूर्णवेळ नोकरी आहे.)

यात आणखी एक मेख आहे. भीती मुलाच्या डोक्यातच असेल असं नाही, ती शाळेतही असू शकते. अमेरिकेतले क्रिस्टोफर कर्नी हे मानसशास्त्रज्ञ शाळा टाळण्याची चार कारणं मांडतात: शाळेतल्या गोष्टींनी होणारा त्रास चुकवणं, लोकांसमोर पारखलं जाण्याचे प्रसंग चुकवणं, घरच्या माणसांचा सहवास मिळवणं, आणि शाळेबाहेर मिळणारी मौज. आमच्याकडे येणाऱ्यांत पहिली दोन कारणंच जास्त दिसतात. इथली प्राथमिक शाळा लहान असते, दिवसभर एकच वर्गशिक्षक. अकराव्या वर्षी मूल उचलून हजार-दीड हजार मुलांच्या माध्यमिक शाळेत टाकलं जातं. तिथे दर तासाला खोली बदलते, शिक्षक बदलतो, घंटा वाजली की सगळी शाळा एकदम बोळांत उतरते. धक्के, वास, आरडाओरडा. स्वमग्न मुलींची यात फार ओढाताण होते. बऱ्याच जणींचं निदान झालेलंच नसतं, कारण त्या दिवसभर इतरांकडे बघून नेमकं तसंच वागतात, हसायच्या ठिकाणी हसतात. शाळा सांगते, "आमच्याकडे तर ती अगदी छान असते." घरी आल्यावर ती दोन तास अंधारात पांघरुणाखाली असते. आणि छळ होत असेल तर? ज्या वर्गात तिला छळलं त्या वर्गापर्यंत पायऱ्या बांधून द्यायच्या, हे काम मला पटत नाही. आधी वर्ग बदला, मग पायऱ्यांचं बोलू.

कोरोनानंतर हे सगळं एकदम उघड्यावर आलं. इंग्लंडमध्ये शाळा दुसऱ्यांदा बंद होऊन 8 मार्च 2021 ला उघडल्या, पण बरीच मुलं परत आली नाहीत. इथे प्रत्येक दिवसाची दोन सत्रं मोजतात, सकाळ आणि दुपार. दहा टक्के किंवा जास्त सत्रं चुकली की मूल 'सातत्याने गैरहजर' ठरतं. 2018-19 मध्ये असं साधारण दहातलं एक मूल होतं. 2022-23 मध्ये पाचातलं एक. निम्म्याहून जास्त शाळा बुडवणारी त्या वर्षी दीड लाखाच्या आसपास होती. अर्थात ही सगळीच घाबरलेली नव्हेत. यात आजारी आहेत, सहलीला गेलेली आहेत, खरेखुरे दांडीबहाद्दरही आहेत. हजेरीपट सगळ्यांना एकाच रकान्यात बसवतो, तिथूनच आमची निम्मी भांडणं सुरू होतात.

कायदा दोन्ही बाजूंनी बोलतो. 1996 च्या शिक्षण कायद्याच्या सातव्या कलमाप्रमाणे मुलाला शिक्षण मिळेल हे बघणं पालकांचं कर्तव्य. त्याच कायद्याचं एकोणिसावं कलम म्हणतं की आजारपणामुळे किंवा अन्य कारणाने जे मूल शाळेत जाऊ शकत नाही त्याच्या शिक्षणाची सोय स्थानिक प्राधिकरणाने करायची. पहिलं कलम पालकांना पत्रातून लगेच कळतं. दुसरं बहुतेकांना एखाद्या अनुभवी आईकडून कळतं. ऑगस्ट 2024 पासून दंडाची रक्कम देशभर सारखी झाली: विनापरवानगी गैरहजेरीबद्दल प्रत्येक पालकाला, प्रत्येक मुलामागे 80 पौंड, एकवीस दिवसांत न भरले तर 160. जिन्यावर बसलेल्या मुलीच्या आईच्या हातात मी ही नोटीस पाहिली आहे. ती मला विचारत होती, "हे भरलं की ती उठेल का?" डॉक्टरचं पत्र आणावं तर बालमानसोपचार सेवेची प्रतीक्षायादी लांब. विशेष गरजांची शिक्षण-आरोग्य योजना मागावी तर तिलाच कायद्याने वीस आठवडे दिलेले, आणि प्रत्यक्षात ती मुदतही अनेकदा उलटते. तोवर हजेरीचा रकाना भरतच राहतो.

आईला दोष देण्याची इथे जुनी परंपरा आहे. 'स्कूल फोबिया' हे नाव अमेरिकेत अॅडलेड जॉन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1941 साली दिलं, आणि त्यांच्या विवेचनात मुळाशी आई होती: मुलाला दूर जाऊ न देणारी, स्वतःच चिंतातुर. ऐंशीहून अधिक वर्षं झाली. आजही बैठकीत कुणीतरी अगदी गोड आवाजात विचारतं, "घरी थोड्या मर्यादा घालून बघितल्यात का?" आणि टेबलापलीकडची बाई मान खाली घालते.

आता प्रत्यक्ष कामाबद्दल. चौदा वर्षांचा एक मुलगा होता. (नावं मी कुणाचीच देणार नाही, ओळख पटेल असे तपशीलही बदलले आहेत.) आई त्याला गाडीतून आमच्या दारापर्यंत आणायची आणि तो गाडीतून उतरायचा नाही. टोपी नाकापर्यंत ओढलेली, पाय सीटवर घेतलेले. पहिल्या दिवशी मी बाहेर गेले, त्याच्या आईशी खिडकीतून पावसाबद्दल बोलले आणि आत आले. त्याच्याशी एक शब्द नाही. पुढच्या वेळी चहाचा मग घेऊन समोरच्या बुटक्या भिंतीवर बसले, त्याच्याकडे तोंड न करता. हे आम्हाला शिकवलेलं असतं: समोर उभं राहायचं नाही, बाजूला राहायचं. डोळ्यांत बघायचं नाही. प्रश्न विचारायचे नाहीत. 'कसा आहेस?' हा साधा प्रश्नही अशा मुलाला परीक्षेसारखा येतो, कारण त्याला उत्तर द्यावं लागतं आणि ते चुकू शकतं. म्हणून विधानं करायची. 'आज वारा आहे. माझा चहा गार झाला.' त्यावर कुणी काही बोलायलाच हवं असं नसतं. मराठी माणसाला हे फार अवघड आहे. आपलं सगळं प्रेमच प्रश्नांमधून वाहतं: जेवलास का, झोपलास का, मग पुढे काय करणार?

मागच्या शेडमध्ये दान आलेल्या जुन्या सायकली पडल्या होत्या. एक दिवस मी त्यातली एक बाहेर काढली, उलटी उभी केली आणि निघालेली चेन बसवायला लागले. यात काही डावपेच होता असं वाटेल. थोडा होताही, पण मला चेन बसवता येत नव्हती हे शंभर टक्के खरं. दोन्ही हात काळे झाले. बऱ्याच वेळाने गाडीची काच चार बोटं खाली आली.

"मागचं डिरेलर पुढे दाबा. चेन ढिली होईल, मग बसेल."

मी दाबलं. बसली. मी म्हटलं, "बसली." एवढंच.

'शाबास!' म्हणायचं नाही हेही या कामात शिकावं लागतं. आमच्याकडे एकदा पाहुणे आले होते. त्यांनी एका मुलीचं चित्र हातात धरून सगळ्यांना दाखवलं, फार मनापासून वाखाणलं. ती नंतर बरेच दिवस आली नाही. कौतुक झालं की पुढच्या वेळी तेवढं तरी करायलाच हवं असं ओझं येतं, शिवाय सगळ्यांच्या नजरा येतात. त्यामुळे आम्ही मुलाबद्दल न बोलता वस्तूबद्दल बोलतो: चेन आता आवाज करत नाही. चाक सरळ फिरतंय.

सायकलीने गणित आणलं. मी दाते मोजत होते, त्याने काचेतून सांगितलं की पुढच्या चकतीला 44 आहेत आणि मागच्या सगळ्यांत लहान चकतीला 11. म्हणजे पायडलची एक फेरी, चाकाच्या चार. गणिताचे शिक्षक आले, तेही भिंतीवर बसले. चाकाचा घेर साधारण 2.1 मीटर, तर एका फेरीत सायकल किती जाईल? उत्तर काचेतून आलं: 8.4. मग मागे 22 दात्यांची चकती घेतली तर? गुणोत्तर आणि प्रमाण हा अख्खा धडा त्या काचेच्या फटीतून झाला. कागद आत जायचा, बाहेर यायचा. शेवटी 8.4 मीटर खरंच भरतात का हे मोजायला फरशीवर खडूने रेघ मारायची होती, आणि टेपचं दुसरं टोक धरायला कुणी नव्हतं. त्या दिवशी तो उतरला.

पण त्याच्या आधीच्या सगळ्या दिवसांचं काय? शाळेच्या हजेरी विभागाकडून ईमेल आला: विद्यार्थी केंद्रात उपस्थित होता का? आम्ही लिहिलं, होता. उलट प्रश्न आला, इमारतीत होता का? आम्ही लिहिलं, आवारात होता. आवारात कुठे? गाडीत. मग गाडीत असताना 'बी' देता येईल का, यावर तीन संस्थांमधल्या सहा-सात शहाण्या माणसांचा पत्रव्यवहार झाला. आमच्या प्रमुख बाईंनी शेवटी लिहिलं, "शिक्षक हजर होते, विद्यार्थी हजर होता, गुणोत्तर शिकून झालं. छप्पर गाडीचं होतं." त्यानंतर 'बी' मिळाला. हा पत्रव्यवहार मी नव्या सहकाऱ्यांना हमखास वाचायला देते. प्रशिक्षणाच्या निम्म्या स्लाइड्सपेक्षा तो उपयोगी आहे.

मराठी असल्याचा उपयोग या नोकरीत होईल असं मला वाटलं नव्हतं. मग एक कुटुंब आलं. मुलगी आठव्या वर्षाला, म्हणजे तेराच्या आत-बाहेर. वडील आयटीत मोठ्या हुद्द्यावर, आई घरून काम करणारी. मुलीचे गुण उत्तम. शाळेला काही कळलंच नाही, कारण ती दंगा करत नव्हती. एका सोमवारी ती फक्त जायची थांबली. पहिल्या भेटीत वडील इंग्रजीत बोलत होते, ठाम आणि मुद्देसूद. मी मराठी आहे हे कळल्यावर त्यांचा आवाज बदलला. "ताई, मी चार किलोमीटर चालत जायचो हो शाळेत. पावसात. हिला दारात गाडी आहे." त्यात राग होता, पण त्याहून जास्त होती भीती. आपण एवढं सगळं सोडून इथे आलो ते हिच्या शिक्षणासाठी, आणि तेच निसटतंय. हा हिशेब स्थलांतरित घरांत फार मोठा असतो, आणि मुलांना तो न सांगता कळतो. ती मुलगी मला पुढे कधीतरी म्हणाली, "घरी कुणी ओरडत नाही. सगळे हळू बोलतात. तेच जास्त वाईट आहे."

त्या घरात आणखी एक अडचण होती. कोल्हापूरहून आजी रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल करायच्या आणि विचारायच्या, "आज काय शिकवलं गं शाळेत?" आई मध्येच फोन घेऊन सांगायची, सुट्टी आहे, परीक्षा संपलीय, बर्फ पडलाय. मुलगी शेजारी बसून हे ऐकायची. मी आईला एवढंच म्हटलं की बर्फाचा साठा कधीतरी संपेल, आजींना खरं सांगून बघा. त्यांनी धीर करून सांगितलं. आजी थोडा वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, "मग दुपारी मला फोन करत जा. मला इंग्रजी वाचून दाखव. डोळ्यांच्या ऑपरेशननंतर मला वाचवत नाही." त्यांना इंग्रजी किती कळत होतं देव जाणे. पण महिनोन्‌महिने ज्या मुलीचा आवाज घराबाहेर कुणी ऐकला नव्हता, ती रोज तासभर मोठ्याने वाचू लागली. आमच्या आराखड्यात ही पायरी नव्हतीच. नंतर आम्ही ती तिच्या फाइलमध्ये 'वाचन, श्रोत्यासह' अशी नोंदवली.

पुढच्या पायऱ्या आम्ही तिच्यासोबत बसून लिहिल्या. रविवारी शाळेवरून गाडी नेणं. मग शाळा सुटल्यावर, चारनंतर, रिकाम्या बोळातून एका ओळखीच्या शिक्षिकेबरोबर चालणं. मग बाजूच्या दाराने ग्रंथालय, वीस मिनिटं. त्यानंतरची पायरी मुख्य दाराची होती. ती आत गेली आणि स्वागतकक्षातल्या बाई आनंदाने खुर्चीतून उठल्या: "अय्या, आलीस! किती दिवसांनी! कशी आहेस तू?" रांगेतल्या सगळ्यांनी वळून पाहिलं. ती तशीच मागे फिरली, आणि आम्ही पुन्हा रविवारच्या गाडीपाशी आलो. त्या बाईंचा यात काय दोष? मनापासून आनंद झाला होता त्यांना. नंतर आम्ही त्यांच्या टेबलाच्या आतल्या बाजूला एक चिठ्ठी चिकटवली, मुलीनेच शब्द ठरवले होते: फक्त 'गुड मॉर्निंग', आणि परत आपलं काम. आता ती दिवसाला तीन तास बसते. तिच्याकडे एक कार्ड आहे, ते दाखवलं की काही न विचारता वर्गाबाहेर जाता येतं. ते ती क्वचित वापरते. खिशात असलं की पुरतं. मात्र प्रत्येक सुट्टीनंतर घसरण होते. सत्राच्या मध्यावरची आठवड्याची सुट्टी असो की उन्हाळ्याचे सहा आठवडे, सुट्टी संपली की दोन-तीन पायऱ्या खाली उतरून सुरुवात. याचं मला आता वाईट वाटत नाही. वाईट वाटतं ते सत्राच्या शेवटी शाळा शंभर टक्के हजेरीची प्रशस्तिपत्रकं वाटते तेव्हा. ज्यांना कधी गोवरही आला नाही अशा मुलांचं त्यात कर्तृत्व काय?

गोपनीयता मात्र मराठी वर्तुळात सांभाळणं अवघड. गणपतीच्या आरतीला हे कुटुंब समोर आलं. मी ठरलेल्या नियमाप्रमाणे ओळख दाखवली नाही. मुलीने येऊन प्रसाद दिला, "नमस्कार काकू" म्हणाली, पहिल्यांदाच भेटत असल्यासारखी. केंद्रात ती मला सरळ नावाने हाक मारते. मंडळाच्या एका काकूंनी तिला शाळेबद्दल छेडलं, तेव्हा तिने हसून, डोळ्यांत बघून उत्तरं दिली. बघणाऱ्याला वाटलं असतं की या मुलीला कसलीच अडचण नाही. ते दहा मिनिटांचं हसू तिला किती महाग पडलं असेल याचा अंदाज मला होता; दुसऱ्या दिवशी साडेआठच्या बैठकीत मी म्हटलं, आज तिला अजिबात ढकलायचं नाही.

सगळ्यांचं असं पुढे सरकत नाही. काही मुलं दोन-चारदा येतात आणि बंद होतात. मग आम्ही घरी जातो, बंद दाराबाहेर बसून पुस्तक वाचतो, दाराखालून चित्रकोडी सरकवतो. कधी कोडं सोडवून परत येतं, कधी येत नाही. निधी संपला की शाळा करार थांबवते, आणि त्या दारामागे पुढे काय झालं ते आम्हाला कळत नाही. कागदोपत्री ती फाइल बंद होते. माझे काही सहकारी याच कारणाने नोकरी सोडून सुपरमार्केटमध्ये गेले. पगार जवळपास तेवढाच आणि रात्री झोप लागते.

सायकलवाल्या मुलाने सोळाव्या वर्षी गणिताची जीसीएसई, म्हणजे इथली शालान्त परीक्षा, दिली. शाळेने मागच्या बाजूची एक खोली दिली, त्यात तो आणि एक पर्यवेक्षक, मधे विश्रांती घ्यायची मुभा. तीन प्रश्नपत्रिका असतात, दीड-दीड तासाच्या. पहिली त्याने पूर्ण लिहिली. दुसरीतून अर्ध्यावर उठला. तिसरीला आला नाही. श्रेणी आली 2. उत्तीर्ण समजायला 4 लागते. वडिलांनी निकालाचा कागद घडी घालून खिशात ठेवला आणि माझ्याशी हात मिळवला, काही बोलले नाहीत.

सध्या तो कॉलेजात वाहनदुरुस्तीचा पहिल्या पातळीचा अभ्यासक्रम करतो. इथे गणितात 4 नसेल तर सोळानंतरही गणित सुटत नाही, म्हणून आठवड्यातून एकदा व्यवहारोपयोगी गणिताचा तास असतो. कॉलेज घरापासून सात मैलांवर आहे. बसमध्ये माणसं असतात, म्हणून तो सायकलने जातो, पावसातसुद्धा. मागच्या महिन्यात त्याच्या आईने मला एका पत्राचा फोटो पाठवला. कॉलेजने कळवलं होतं की आपल्या मुलाची हजेरी 71 टक्के असून ती चिंताजनक आहे, पालकांनी खुलासा करावा. खाली आईने विचारलं होतं, याला काय उत्तर लिहू? प्रमुख बाईंना ते दाखवलं तेव्हा त्यांनी आधी 71 हा आकडा मोठ्याने दोनदा वाचला आणि मग सगळ्यांसाठी किटली लावली. उत्तराचा मसुदा मी आणि त्याची आई मिळून करतो आहोत. सुरुवातीला त्याची आठवी ते अकरावीची हजेरी वर्षवार लिहायची, पुढे काहीच लिहायचं नाही, असं तिचं मत आहे. माझ्या मते त्याखाली वर्कशॉपचं एक बाजूचं दारही मागून घ्यावं.